उत्तरेच्या गॅलरीतलं ऊन : प्रकल्प नोंदी

१२ एप्रिल २०२५, शनिवार

नेचे यंदा जळू द्यायचे नाहीत, एवढ्यावरून हे सुरू झालं.

पुण्याच्या सहकारनगरातलं आमचं घर वरच्या मजल्यावर. डोक्यावर गच्ची आणि उत्तरेला चार फूट रुंद, लांबलचक गॅलरी. कठड्याला जाळी आहे, पश्चिमेचं टोक उघडं आहे. सावलीतली म्हणून आठ नेचे आणि चार बेगोनिया तिथे ठेवलेत. मेच्या मध्यापर्यंत ते छान असतात. मग पंधरा दिवसांत नेच्यांची टोकं तपकिरी होतात आणि बेगोनियाची पानं पापडासारखी वाजायला लागतात. दरवर्षी हेच.

आजवरचे संशयित : कमी पाणी, गरम वारा, भिंतीची धग. गेल्या वर्षी पाणी दुप्पट केलं तर दोन कुंड्या मुळापासून कुजल्या. "कुठून ऊन लागत असेल का?" असं विचारलं, तर आई (माझ्या सासूबाई) म्हणाल्या, "उत्तरेला ऊन येतच नाही. चाळीस वर्षं आहे मी या घरात." विषय संपला.

माझा नाही संपला. लेकीची परीक्षा उरकली आहे, तिला कामाला लावते.

१३ एप्रिल, रविवार

गच्चीवर शंकू उभा केला. शंकू म्हणजे सरळ उभी काठी, बस्स. तिच्या सावलीवरून सूर्य कुठे आहे ते कळतं. पडद्याचा जुना अ‍ॅल्युमिनियमचा दांडा तेलाच्या रिकाम्या डब्यात सिमेंट ओतून रोवला. उंची बरोबर १ मीटर.

अर्धा दिवस जमिनीनेच खाल्ला. पावसाचं पाणी नळीकडे जावं म्हणून गच्चीला उतार असतो, तो डोळ्याला दिसत नाही, लेव्हल ठेवली की दिसतो. शेवटी ओट्याचा उरलेला कडाप्पा खाली घातला आणि लाकडी पाचरी सारून तो सपाट केला.

दुसरी अडचण अशी की सावलीचं टोक धूसर असतं. सूर्य हा ठिपका नाही, आकाशात अर्धा अंश रुंदीचं बिंब आहे, त्यामुळे १ मीटरवर सावलीची कड जवळजवळ सेंटीमीटरभर विरघळलेली दिसते. यावर उपाय लेकीने काढला. दांड्याच्या टोकाला पत्र्याची चकती लावायची, तिला खिळ्याने भोक पाडायचं. चकतीच्या सावलीत उजेडाचा एक गोल ठिपका पडतो, त्याचा मध्य पेन्सिलने टिपायचा. तो ठिपका म्हणजे खरं तर सूर्याचं चित्रच, सुमारे ९ मिलिमीटरचं. दहावीच्या पुस्तकापेक्षा याचं तिला जास्त अप्रूप वाटलं. मलाही.

१४ एप्रिल, सोमवार (सुट्टी)

घड्याळात बारा वाजले तशी खूण केली, तर ठिपका उत्तरेला न पडता तिरका, वायव्येला. पुन्हा लेव्हल तपासली. ओळंबा सोडून दांडा तपासला. सगळं ठीक होतं, चूक माझ्या बाराची होती. आपलं घड्याळ ८२.५ अंश रेखांशावर चालतं आणि पुणं ७३.८६ वर आहे. अंशाला चार मिनिटं धरली की आपली खरी मध्यान्ह साधारण ३४ ते ३५ मिनिटं उशिरा. त्यात ऋतूप्रमाणे थोडी मिनिटं इकडे-तिकडे होतात. आज १२:३५ ला ठिपका बरोबर उत्तरेला आला : दांड्यापासून १५.८ सेंमी.

उत्तर कुठली हे होकायंत्राने नाही ठरवलं. दांड्याभोवती वर्तुळ काढलं, सकाळी ठिपका ज्या जागी वर्तुळाला शिवला ती खूण आणि दुपारनंतर परत शिवला ती खूण जोडली. ती रेघ पूर्व-पश्चिम. शुल्बसूत्रांतली रीत आहे ही, यज्ञवेदी आखण्याची. खिळा, दोरी आणि धीर लागतो. धीर जरा कमी पडला, कारण मध्ये कैरीचं पन्हं प्यायला खाली गेले होते आणि पहिली खूण थोडक्यात हुकत होती.

जुन्या ज्योतिषात शंकू १२ अंगुळांचा धरतात आणि विषुवदिनी (दिवस-रात्र सारखे असतात त्या दिवशी) मध्यान्हीला त्याची जी सावली पडते तिला त्या गावाची पलभा म्हणतात. पुण्याची पलभा हिशोबाने ४ अंगुळं येते. बाराला चार! गावाचा अक्षांश असा काठीच्या सावलीत सांगायची कल्पना मला फार आवडली.

संध्याकाळी ५ ला गॅलरीत गेले. पश्चिमेकडून तिरकी उन्हाची पट्टी आत, वीतभर. खडूने रेघ मारली आणि आईंना बोलावलं. "हे काय, संध्याकाळचं जरासं. याला ऊन म्हणतात होय?"

४ मे, रविवार

मध्यान्हीला (१२:३१) ठिपका ४.३ सेंमीवर. तीन आठवड्यांत पंधरावरून चारावर. ५ वाजता गॅलरीतलं ऊन तीन फूट आत. आज खडूची रेघ मारली तेव्हा आई काही बोलल्या नाहीत, पण पायाने कुंडी जरा आत सरकवली.

हिशोब करून बघितला. १४ एप्रिलला सूर्य दुपारी ४:३५ नंतर पश्चिम रेषेच्या उत्तरेला गेला होता. आज २:३५ च्या सुमारासच गेला. म्हणजे उत्तरेच्या भिंतीला रोज थोडं थोडं लवकर ऊन लागतंय, आणि तेही दुपारचं, सगळ्यात कडक. १३ मेपासून तर सूर्य दिवसभर उत्तरेलाच असणार, उगवताना, डोक्यावर असताना आणि मावळतानाही. चोर सापडला म्हणायला हरकत नाही.

शंकूत एक बदल केला. १३ तारखेला ठिपका दांड्याच्या बुडाशीच, म्हणजे दांड्यावरच पडला असता. म्हणून चकती दांड्यापासून दहा सेंमी बाहेर, पट्टीवर बसवली. भोकातून ओळंबा सोडून कडाप्प्यावर नवा शून्यबिंदू कोरला.

बागेविषयी : हीच आपली ऐन उन्हाळ्याची बाग. मोगरा रोज ओंजळभर, मदनबाण त्याहून थोडा. सहानंतर पाणी घातलं की तापलेल्या फरशीचा आणि मोगऱ्याचा मिळून एक वास येतो, त्यासाठी मी दिवसभराचा उकाडा माफ करते. कुंड्यांत नारळाच्या शेंड्यांचं आच्छादन केलंय, त्यामुळे पाणी एक वेळ पुरतं. रस्त्यावर गुलमोहोर पेटलाय, कोपऱ्यावरचा बहावा पिवळे झुंबर सोडून उभा आहे. गावाकडच्या लोकांना हे सगळं 'उन्हाळा संपत आला'चं चिन्ह वाटतं. पंचांगातला सगळ्यात मोठा दिवस यायला मात्र अजून दीड महिना आहे.

१३ मे, मंगळवार

शून्य सावलीचा दिवस. अर्धी रजा टाकली. ढग येत-जात होते, १२:२० ला झाकोळलंच, आणि मी पुटपुटायला लागले. १२:२८ ला मोकळं झालं. १२:३१ ला ठिपका शून्यबिंदूवर. काही क्षण बादली, कुंड्या, लेक, सगळ्यांच्या सावल्या स्वतःच्या पायाखाली गेल्या. उभी ठेवलेली रिकामी बाटली अधांतरी चिकटवल्यासारखी दिसत होती. खालच्या मजल्यावरचे काका वाळवणाला चढले होते. साबुदाण्याच्या पापड्या सोडून आमच्यात येऊन उभे राहिले, छत्रीची सावली बघत.

सगळा महाराष्ट्र कर्कवृत्ताच्या दक्षिणेला आहे, म्हणून राज्यात कुठेही सूर्य वर्षातून दोनदा डोक्यावरून जातो. पुण्यात मेच्या मध्याला एकदा आणि जुलैअखेरीला परत. बरोबर कर्कवृत्तावरच्या गावी हे एकदाच, २१ जूनच्या आसपास. म्हणजे सर्वांत मोठ्या दिवशी आपल्याकडे सूर्य डोक्यावर नसतो, ओलांडून उत्तरेला गेलेला असतो. मला हे पन्नाशीला आल्यावर कळतंय.

संध्याकाळी सहा नेचे आणि बेगोनिया जिन्याच्या खालच्या कोनाड्यात हलवले. दोन नेचे मुद्दाम गॅलरीत ठेवले, साक्षीदार म्हणून. त्यांच्या जागी गच्चीवरच्या मोगऱ्याच्या तीन कुंड्या आणल्या. ऊन येतंच आहे तर ज्याला हवं त्याला मिळू दे.

२७ मे, मंगळवार

पाऊस. वळीव नाही, मोसमीच. केरळात २४ ला आला आणि २६ ला पुण्यात हजर! मेमध्ये मॉन्सून मी पुण्यात पाहिल्याचं आठवत नाही. साक्षीदार नेचे हिरवेगार, डुलतायत. प्रयोगाचा पार विचका. आई खुशीत : "बघ, काही होत नाही त्यांना."

८ जून, रविवार

आज मृग लागला, आणि गंमत अशी की मेमध्ये कोसळलेला पाऊस मृगाला गायब. गेले दहा दिवस उघडीप, आकाश धुतलेलं, ऊन चरचरीत.

मध्यान्हीला ठिपका शून्याच्या दक्षिणेला ७.६ सेंमी. ५ वाजता गॅलरीत ऊन थेट भिंतीला टेकलं, चार फूट, पूर्ण गॅलरी. पश्चिम टोकाकडच्या साक्षीदाराची टोकं करपली आहेत. दुसरा मोगऱ्याच्या आडोशाला होता, तो वाचला. मोगऱ्याला मात्र नव्या कळ्या.

आईंनी करपलेलं पान हातात घेऊन उलटसुलट पाहिलं. मग म्हणाल्या, "आम्ही या दिवसांत इथे पापड वाळत घालायचो. मला वाटायचं वाऱ्याने वाळतायत."

२० जून, शुक्रवार

आजपर्यंत चार दिवस एकही नोंद नाही, ढगांमुळे. पण तशी गरजही नव्हती. १६ जूनपासून २६ पर्यंत ठिपका मिलिमीटर-दोन मिलिमीटरच हलणार, म्हणजे माझ्या पेन्सिलीच्या जाडीत मावणार. एप्रिलमध्ये रोज अर्धा-पाऊण सेंमी धावणारा सूर्य आता जागच्या जागी रेंगाळतोय. 'सर्वांत मोठा दिवस' असा एक दिवस काठीला दाखवता येत नाही. काठीला दाखवता येतो तो मोठ्या दिवसांचा आठवडा.

संध्याकाळी स्टॉकहोमहून मावसबहिणीचा व्हिडिओ कॉल. त्यांचा मिडसमर आज. तिथे तो नेहमी १९ ते २५ जूनमधल्या शुक्रवारी धरतात. मैदानात पानाफुलांनी गुंडाळलेला उंच खांब, सगळ्यांच्या डोक्यावर रानफुलांची वेढी, टेबलावर खारवलेले मासे, नवे बटाटे, स्ट्रॉबेरी. मुली रात्री सात प्रकारची फुलं उशाशी घेऊन झोपतात, स्वप्नात नवरा दिसतो म्हणे. मोठी माणसं खांबाभोवती बेडकासारख्या उड्या मारत नाचत होती, हे मी डोळ्यांनी पाहिलं. आमच्याकडे खालच्या डबक्यात खरे बेडूक ओरडत होते, ते तिला फोनवर ऐकवले.

तिच्याकडे पहाटे साडेतीनला उजाडतं आणि रात्री दहाला मावळतं, साडेअठरा तासांहून मोठा दिवस. हिवाळ्यात तोच सहा तासांवर येतो. एवढा फरक असेल तर खांब उभारून नाचावंसं वाटणारच. लॅटव्हिया, फिनलंडकडे याच दिवसांत रात्री होळ्या पेटवतात. आपला पुण्याचा मोठ्यात मोठा दिवस १३ तास १४ मिनिटं, लहानात लहान ११ तास. या दोन तासांसाठी कोण होळी पेटवणार? आपण वाट बघतो ती पावसाची.

आणि आपल्याकडे आज काय होतं? पालख्या पुण्यात आल्या! दुपारपासून अर्धे रस्ते बंद. मी बहिणीला तुळशी डोक्यावर घेतलेल्या बायकांचे फोटो पाठवले, तिने फुलांची वेढी घातलेल्यांचे. दोघीही यावर फार काही बोललो नाही.

२१ जून, शनिवार

सूर्य आज सकाळी ८:१२ ला सर्वांत उत्तरेला पोचला. त्या वेळी मी गॅलरीत चहाचा कप घेऊन उभी होते आणि आकाश ओल्या गोधडीसारखं होतं. खाली पार्किंगमध्ये योगदिनाची आसनं चालली होती. हा दिवस संयुक्त राष्ट्रांनी २०१४ मध्ये ठरवला तो उत्तर गोलार्धातला सर्वांत मोठा दिवस म्हणूनच. शवासनात असताना सर आली आणि सगळे पळाले.

मध्यान्ह १२:३६. ढग. ठिपका नाही. हिशोबाने तो ८.६ सेंमीवर असायला हवा होता. सव्वादोन महिने ज्या दिवसासाठी खटपट केली त्या दिवशीची जागा वहीत रिकामी. लेक म्हणाली, "लिही की ८.६, तेवढंच येणार आहे." नाही लिहिलं.

दिनदर्शिकेत आज 'दक्षिणायनारंभ' आहे. यावर आईंचा आक्षेप : "दक्षिणायन कर्क संक्रांतीला ना? ती तर १६ जुलैला." बरोबर आहे त्यांचं, एके काळी दोन्ही एकच होतं. पण पृथ्वीचा अक्ष भोवऱ्यासारखा हळूहळू डुलतो आणि अयनबिंदू (जिथे सूर्य पोचला की अयन बदलतं ती जागा) नक्षत्रांमधून ७२ वर्षांत अंशभर मागे सरकतो. वेदांग ज्योतिष या प्राचीन ग्रंथात दक्षिणायन आश्लेषाच्या मध्यावर सुरू होतं. सहाव्या शतकातल्या वराहमिहिराने लिहून ठेवलंय की पूर्वी तसं होतं, आता ते कर्काच्या आरंभी होतं. तेव्हापासून आणखी सरकत सरकत आज सूर्य मृगाच्या अगदी शेवटच्या टोकाला आहे, उद्या आर्द्रा लागतील. टिळकांनी वसंतसंपात (मार्चमध्ये दिवस-रात्र सारखे होतात तेव्हाची सूर्याची जागा) मृगशीर्षात होता त्या काळावरून वेदांचं वय मांडलं. त्याच मृगात आता दक्षिणायन येऊन बसलंय. आईंना हे सगळं सांगितल्यावर त्या म्हणाल्या, "मग संक्रांतीचे तिळगूळ पण डिसेंबरात वाटायचे का?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. २२ डिसेंबरला कोणी तीळ भाजणार नाही हे दोघींनाही ठाऊक आहे.

ज्ञानोबांची पालखी भवानी पेठेत, तुकोबांची नाना पेठेत. आज मुक्कामाचाच दिवस. दुपारी आई आणि काकू दर्शनाला जाऊन आल्या, चार तास रांगेत, चपला भिजून लगदा. सूर्यही आज मुक्कामाला आहे असं लेक म्हणाली. आईंना ते फारच आवडलं, दोन फोनवर सांगून झालं.

संध्याकाळी पाऊस थांबला. गच्चीवर खुर्च्या पुसून बसलो. खेकडा भजी, चहा. पावसाळी लिली एका रात्रीत वर आलीय, गुलाबी, कुंड्यांच्या कडेकडेने. कोणी लावली होती आठवत नाही. अनंताची चार फुलं उघडली आणि एक आधीच पिवळं पडायला लागलंय. तगरीखालच्या ओल्या मातीत गोगलगायी. त्या वेचायला हव्यात, पण आज नाही. मावळती ७:१३ ला, पण ढगांआडचा उजेड साडेसातपर्यंत टिकला, करडा, मऊ, त्यात हिरव्याच्या दहा छटा दिसत होत्या. एप्रिलच्या उन्हात पानं नुसती चमकतात. खरा हिरवा रंग आज दिसला. ब्रह्मकमळाच्या तीन कळ्यांनी माना वर उचलल्यात. रात्री अकराला टॉर्च घेऊन बघायला आले, तर एक अर्धी उघडलेली. सगळ्यांना उठवलं. कोणी रागावलं नाही.

२९ जून, रविवार

शेवंतीचे शेंडे खुडले, फुटवे वेगळ्या कुंड्यांत लावले. गेल्या वर्षी जिन्याच्या दिव्याजवळच्या शेवंतीला फूलच नव्हतं आणि मी खताला दोष दिला होता. शेवंती रात्र मोजते. रात्र पुरेशी लांबली की कळी धरते, आणि रात्रभर दिवा तोंडावर असेल तर तिच्या लेखी दिवस संपतच नाही. आता दिवस उतरणीला लागलाय, म्हणजे तिची पाळी. दिव्यापासून पार पलीकडे ठेवली.

कुंड्यांखालच्या ताटल्या काढून टाकल्या. डास.

४ जुलै, शुक्रवार

साडेबाराला ढगात भगदाड पडलं आणि मी हातातलं लाटणं टाकून धावले. १२:३९ ला ठिपका ७.६ सेंमी, दक्षिणेला. ८ जूनला होता तिथेच, त्याच खुणेवर!

८ जून आणि ४ जुलै यांचा बरोबर मध्य २१ जून. सूर्य ज्या दिवशी थांबतो तो दिवस थेट मोजता येत नाही, पण अलीकडची आणि पलीकडची सारखी सावली मिळाली की मधला दिवस हाती लागतो. दोन दिवस इकडे-तिकडे होऊ शकतात, ठिपक्याचा मध्य टिपण्यात तेवढी चूक असतेच. तरी वहीतल्या रिकाम्या जागेत पेन्सिलने बारीक टिकमार्क केली.

एक जास्तीची नोंद. २१ जूननंतर दिवस लहान होतोय, तरी मावळती अजून पुढेच सरकतेय. आज ७:१५. पहाट मात्र जूनच्या सुरुवातीपासूनच उशिरा होत चाललीय. आईंना रविवारच्या एकादशीला पहाटे उठायचंय, त्यांना याचं काही कौतुक नाही.

३० जुलै, बुधवार

दुसरा शून्य सावलीचा दिवस. १२:४१ ला गच्चीवर छत्री घेऊन उभी. सूर्य कुठे आहे ते ढगांच्या उजेडावरूनही कळेना. छत्रीला सावली नव्हती, पण ती आज कशालाच नव्हती.

उद्यापासून मध्यान्हीचा सूर्य परत दक्षिणेला, गॅलरीतलं ऊन उतरत जाणार. मोगऱ्याच्या तिन्ही कुंड्या गच्चीवर नेल्या, नेचे जिन्याखालून परत आणले, सहाच्या सहा. करपलेल्या साक्षीदारालाही मधून नवा कोंब आलाय, मुठीसारखा गुंडाळलेला.

फरशी पुसताना एप्रिल-मे-जूनच्या खडूच्या रेघा पुसायला घेतल्या, तर आई म्हणाल्या, "राहू दे त्या. पुढच्या वर्षी पापड कुठपर्यंत मांडायचे ते कळेल."

मी आता तिथे ऑइलपेंटने रेघा मारणार आहे.